पाकोळीचे कूळ



जुन्या वाड्याच्या दरवाजाखाली सायंकाळी तीक्ष्ण चीत्कार करीत घिरट्या घालणारी काळी, पांढऱ्या कमरेची पाकोळी आणि हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीने येऊन बसणारी भिंगरी, या दोघींना आपल्याकडे सर्रास एकाच नावाने ओळखतात. आणि त्यात नवल नाही, कारण लांब अणकुचीदार पंख, आखूड चोच, रुंद जबडा आणि उडता उडता कीटक टिपण्याची हातोटी दोघींचीही सारखीच. फार काय, १७५८ साली सृष्टीचे दप्तर लावताना खुद्द लिनियसनेही युरोपातल्या पाकोळीची नोंद भिंगरीच्याच खात्यात केली. तरीही धंदा एक म्हणून कूळ एक, असा निवाडा देणे उतावीळपणाचे होय.

एका वळवाच्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर एक पाकोळी पडली. तिला उचलून तळहातावर घेतले, तेव्हा पोटाच्या पिसांत दडलेले तिचे इवलेसे पाय मी प्रथमच जवळून पाहिले. चारही बोटे पुढे वळलेली आणि नख्या आकड्यांसारख्या! असल्या पायांनी खडबडीत भिंतीला लोंबकळता येते, पण तारेवर बसणे काही साधत नाही. भिंगरीची तीन बोटे पुढे नि एक मागे, अगदी चिमणी-बुलबुलांसारखी, आणि गोतही त्यांचेच. शेपटीची मोठी पिसे मोजावीत, तर भिंगरीची बारा भरतात, पाकोळीची दहाच. घरट्याचा दाखलाही तसाच बोलका आहे: भिंगरी चिखलाच्या गोळ्या रचते, तर पाकोळी हवेतच झेललेली पिसे नि काड्या आपल्या लाळेने छताला चिकटवते. तिचे खरे भाऊबंद म्हणजे दूर अमेरिकेत फुलांपुढे अधांतरी थरथरत मधुरस पिणारे चिमुकले गुंजनपक्षी. हे नाते मला प्रथम कळले तेव्हा कितीतरी वेळ ते मनातून हलेना. ओसरीवरच्या त्या पाकोळीला माडीच्या खिडकीतून हात उंच करून सोडले, तशी ती क्षणभर खाली कोसळली आणि पंख सावरून निघून गेली.

कीटकांच्या बाबतीतही पोशाखावर विसंबून चालत नाही. सकाळी झेंडूच्या ताटव्यापाशी उभे राहिलात, तर मधमाशीसारखेच पिवळे-काळे पट्टे ल्यालेली एक माशी फुलापुढे हवेत स्थिर तरंगताना दिसेल. ती फुलावर टेकली, की तिचे पंख मोजावेत. मधमाशीला चार असतात. हिला दोनच, आणि मागल्या जोडीच्या जागी गाठीच्या टोकाच्या दोन सूक्ष्म काड्या, ज्या घरातल्या माशीलाही असतात.