वीज वाहणारी कांच



आमचें जूचंद्र गांव रांगोळीकरितां ओळखलें जातें. पांढऱ्या भुकटींत रंगाची चिमूट मिसळली, कीं सबंध ढिगाची छटा पालटते. आजच्या विषयांतहि सारी किमया चिमटीचीच आहे.

शाळेंत मी वर्षानुवर्षें सांगत आलों, कीं वीज वाहणारें तांबें अपारदर्शक, पारदर्शक कांच विजेला अडविणारी. हे दोन गुण एके ठायीं नांदत नाहींत. एकदां एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मिठागरांतलें निवळलेलें पाणी आरपार दिसतें, आणि त्यांतून वीजहि जाते." मीं म्हटलें, "तो द्रव. आपण घन पदार्थांविषयीं बोलत आहोंत. खालीं बस."

मुलाचा रोख बरोबर होता. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत (स्थापना १९६२) अर्धवाहकांच्या पातळ पटलांवर पुष्कळ वर्षें संशोधन होत आलें आहे. त्यांतली एक रीत स्वयंपाकघरांतली वाटावी इतकी साधी आहे. कथिलाच्या क्लोराइडच्या द्रावणांत थोडें अमोनियम फ्लोराइड घालावयाचें आणि सुमारें ४५० ते ५०० अंश सेल्सिअस तापविलेल्या कांचेवर तें तुषारांनीं फवारावयाचें. कांचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा थर बसतो. जाडी कांहींशें नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि कमी.

त्यांत ऑक्सिजनच्या जागीं फ्लोरिनचा अणु बसला, कीं एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि वीज वाहूं लागते. प्रकाश मात्र अडत नाहीं. या पदार्थांतील बांधलेला इलेक्ट्रॉन वर उचलण्यास सुमारें ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या कणाजवळ फार तर ३.१ असते. तो न शोषला जातां पलीकडे निघून जातो.

चिमूट वाढविली तर? आमचे रांगोळीकार जाणतात तेंच येथेंहि होतें. क्ष-किरणांनीं पाहिल्यास स्फटिकांची घडी विसकटलेली दिसते, आणि वाहकता उलट घटते. थराची जाडी कमीअधिक झाली, तर पावसांत रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग कांचेवर उमटतात.

अशी कांच सौर घटांत वापरतात. आपल्या खिशांतील मोबाइलच्या पडद्यावर तिचें भावंड असतें. तेथें इंडियमच्या ऑक्साइडांत कथिलाची चिमूट. मजजवळहि तो आहे, आणि त्यावर बोट ठेवतांना तो वर्ग आठवतो.

तो मुलगा आतां कोठें असेल, ठाऊक नाहीं. त्याला खालीं बसविल्याबद्दल त्याची क्षमा मागावी, म्हणून हा विषय मीं निवडला.