उद्यापासून येऊ नका

आपल्यातल्या बऱ्याचजणी कारखान्यात जातात. काम कमी झालं की मालक म्हणतो, "उद्यापासून येऊ नका." एवढ्यावर संपत नाही बरं! बारा महिन्यांत 240 दिवस भरले असतील, तर कारण लिहिलेली एक महिन्याची नोटीस हवी, नाहीतर त्या महिन्याचा पगार. शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. चार वर्षांचे 60 दिवस झाले. पगारी सुट्ट्याही 240 मध्ये धरतात. म्हणून हजेरी आपल्या वहीतही लिहा.

हिशेबाच्या वेळी पुढे केलेला कागद मुलीकडून का होईना, वाचून घ्या. राजीनामा असेल तर सही नको. स्वतःहून सोडलं म्हटलं की नोटीसही नाही, भरपाईही नाही. तसंच काढलं, तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.