रिकाम्या धरणाचा चौकीदार

परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी या व्यासपीठाची प्रथा आहे. तो आढावा छापून प्रत्येकाच्या हाती दिलेला आहे. हाती असलेला वेळ मात्र एकाच विषयाचा आहे, आणि तो मांडण्याची वाट प्रस्तुत वक्त्याने फार वर्षे पाहिली आहे. विषय आहे कोरड्या मुलखातले, बहुतेक काळ रिकामे राहणारे मातीचे धरण.

लिबियातील देर्ना शहराच्या वरच्या अंगाला अशी दोन धरणे होती. वाडी देर्ना ही नदी वर्षातून बहुतेक दिवस कोरडी, पण पूर आला की थेट शहरात शिरायची. म्हणून 1970 च्या दशकात एका युगोस्लाव्ह कंपनीने पूर अडवण्यासाठी अबू मन्सूर आणि बिलाद ही धरणे उभारली. आत चिकणमातीचा गाभा आणि दोन्ही अंगांना दगडी भराव, अशी त्यांची रचना. अबू मन्सूर सुमारे 75 मीटर उंच, साठवण सुमारे सव्वादोन कोटी घनमीटर. शहराला लागून असलेल्या बिलादची साठवण 15 लाख घनमीटरच्या आसपास. वरचे फुटले तर खालच्याने ते पाणी झेलण्याचा प्रश्नच नव्हता.

1998 मध्ये या धरणांना तडे गेल्याची नोंद झाली. दुरुस्तीचे कंत्राट 2007 मध्ये दिले गेले, काम 2010 मध्ये सुरू झाले आणि 2011 च्या उठावात बंद पडले ते पडलेच. अब्दुलवनीस आशूर या अभियंता-प्राध्यापकाने 2022 मध्ये शोधनिबंध लिहून धोका दाखवून दिला. पुढच्याच वर्षी, 10 सप्टेंबर 2023 रोजी, डॅनियल वादळ किनाऱ्यावर आले. जवळच्या अल-बायदा येथे 24 तासांत 414 मिलिमीटर पाऊस झाला. रात्रीतून दोन्ही धरणे फुटली आणि शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले भूमध्य समुद्रात गेले. मृत आणि बेपत्ता माणसांची संख्या हजारोंची आहे. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने 12 अधिकाऱ्यांना शिक्षा ठोठावल्या.

वादळ असाधारण होते, हे कोणीही नाकारणार नाही. पण तडे वादळाने पाडलेले नव्हते. पंचवीस वर्षे ते तिथेच होते, आणि त्यांच्यासाठी भांडणारे कोणी नव्हते.

हे भांडण कोण करते, ते सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. सिंचनाच्या धरणाला कालवा असतो, पाणीवापर संस्था असते, आवर्तन लांबले की कचेरीवर मोर्चा येतो. गेट गळते, पिचिंग ढासळले, हे शेतकरीच येऊन सांगतो. पूर अडवणारे धरण पीक देत नाही, वीज देत नाही, पाणीपट्टी देत नाही. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. साहजिकच देखभालीचा निधी कापायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा तिथेच चालते.

आणि रिकामेपण हाच मातीच्या भरावाचा आजार आहे. ओल गेलेली काळी माती तडकते. उतारावर वेडी बाभूळ माजते, तिची मुळे भरावात शिरतात. घुशी आणि साळिंदरे बिळे पाडतात. खाली नदीपात्रात घरे उठतात, कारण पात्रात पाणी पाहिलेले माणूस गावात उरलेले नसते. धरण पहिल्यांदा भरते तेव्हा त्याचे दोष उघडे पडतात, हे आपण 12 जुलै 1961 रोजी पानशेतला भोगले आहे. आयडाहोचे टेटन धरणही 5 जून 1976 रोजी पहिल्याच भरणीत फुटले. पूरनियंत्रणाच्या धरणाची पहिली खरी भरणी बांधकामानंतर चाळीस वर्षांनी येऊ शकते, तीही अपरात्री, काही तासांत. कॅलिफोर्नियातील मोहावी नदीवरचे 1971 चे धरण एरवी कोरड्या पात्रात उभे आहे. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने 2019 मध्ये त्याची जोखीम ‘उच्च’ श्रेणीत टाकली. तिथे निदान कोणी बघत तरी होते.

दुष्काळाने कधी वाचवलेही आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छमधली चांग, टप्पर, सुवी अशी मातीची धरणे खचली, पण तलावांत पाणी फारसे नव्हते, म्हणून खालची गावे वाचली. हे नशीब झाले, सुरक्षितता नव्हे. त्याच गुजरातेत 11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू-2 वर सांडव्याच्या क्षमतेच्या सुमारे तिप्पट पूर आला. दगडी सांडवा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले आणि मोरबी बुडाले. चौकशी आयोग तर काम पुरे होण्याआधीच गुंडाळला गेला.

कालपासून या मंडपात वाद रंगला आहे: धरणावर लक्ष ठेवायला सेन्सर आणि ड्रोन की माणूस? हा वक्ता शाखा अभियंता असताना एका दुष्काळी तालुक्यातला तलाव सलग कोरड्या वर्षांनंतर एका रात्रीत भरला. पहाटे चौकीदार चिखल तुडवत आला. “साहेब, पायथ्याचं पाणी गढूळ यायला लागलंय.” पाझर तर प्रत्येक भरावाला असतो, निर्मळ असेल तर भिण्याचे कारण नाही. गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघाली. तो निरक्षर माणूस रात्रभर तांब्यात पाणी धरून कंदिलाशी पाहत बसला होता. विमोचक पूर्ण उघडला, पाझरावर वाळू, मग खडी, वर दगड असा थर दिला आणि भराव टिकला. पुढे तो निवृत्त झाला आणि त्याचे पद रद्द झाले. पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. उपकरणे जरूर बसवा. पण पावसाळ्यात रात्री भरावाच्या पायथ्याशी उभा राहणारा माणूस काढून ती बसवणार असाल, तर या वक्त्याचा त्याला विरोध आहे आणि राहील.

धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये आला, हे चांगले झाले. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची झाली, आपत्कालीन कृती आराखड्याला पाच वर्षांची मुदत मिळाली. पण कायदा 15 मीटरहून उंच धरणांचा, आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांचा. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर लोकांनी घमेली वाहून उभे केलेले कितीतरी पाझर तलाव त्याच्या बाहेर आहेत. त्यांच्या खालीही वस्त्या आहेत.

तेव्हा परिषदेने दोन कामे हाती घ्यावीत. एक, अशा तलावांची तालुकावार यादी. कोणी आणि कशी करायची, ते कार्यकारिणीने ठरवावे. दुसरे, चौकीदाराची रद्द झालेली पदे परत मागणारा ठराव. त्याचा मसुदा अजून झालेला नाही, पण दुपारच्या सत्रात तो चर्चेला यावा, आणि ज्यांना पायथ्याशी माणूस नको आहे त्यांनी तिथे उभे राहून तसे सांगावे.