एकाच गोळीने सगळे रोग जात नाहीत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही काही डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. जे थोडेफार कळले ते वाचनालयात बसून, आणि वस्तीतल्या आजारी माणसांना दवाखान्यात नेता-आणताना डॉक्टरांना विचारून विचारून. पण आज उभे राहिलो ते पुस्तकातले ज्ञान दाखवायला नाही. एका माणसाच्या बाबतीत आमच्या हातून चूक झाली, ती सांगायला उभे राहिलो आहोत.

१९९६ सालची गोष्ट. साचेखात्यात आमच्या शेजारच्या साच्यावर आमचा एक सोबती होता. त्याला खोकला लागला. गिरणीत खोकला कुणाला नसतो? कापसाची धूळ छातीत जाते, माणूस खोकतो. त्यामुळे चार-पाच महिने कुणी लक्षच दिले नाही. शेवटी थुंकी तपासली तर टीबीचे जंतू निघाले. औषध सुरू झाले. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आले. तेव्हा आम्हीच त्याला म्हणालो, "आता बरा दिसतोस की रे! किती दिवस गोळ्या खात बसणार? खाडे पडले तर बदलीच्या यादीतून नाव जाईल. ये कामाला." तो आला. गोळ्या सुटल्या. वर्षाच्या आत खोकला परत आला, रक्त पडायला लागले, आणि या खेपेला त्याच गोळ्यांनी गुण येईना. १९९८ साली तो गेला.

आमच्या मनात वाईट काही नव्हते. पण अज्ञान होते, आणि त्याची किंमत त्याने मोजली. ते अज्ञान नेमके काय, हे नीट समजून घेऊ.

आपल्याकडे ताप आला की आपण डॉक्टरला सांगतो, "साहेब, एक कडक इंजेक्शन मारा." ताप बाहेरून सारखाच दिसतो, पण आत शिरलेला शत्रू सारखा नसतो. मुख्य तीन जाती लक्षात ठेवा : जीवाणू, विषाणू आणि परजीवी.

पहिला जीवाणू. टीबी, टायफॉइड, कॉलरा, प्लेग, कुष्ठरोग हे याचे रोग. जीवाणू म्हणजे एक छोटी गिरणीच समजा. तिला स्वतःची भिंत आहे, आत स्वतःचे साचे आहेत, त्यांवर तिचा माल निघतो. आपल्या शरीरातल्या पेशीतही साचे आहेत, पण ते वेगळ्या बनावटीचे. इथेच औषधाला वाट सापडते. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले. ते जीवाणूची भिंत नीट बांधू देत नाही, मग जीवाणू फुटून मरतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. ते जीवाणूच्या साच्यातच बिघाड करते. धोटा अडकला की साचा बंद, हे गिरणी कामगाराला शिकवायला नको. अशा औषधांना अँटिबायोटिक म्हणतात.

दुसरा विषाणू. सर्दी, फ्लू, गोवर, डेंग्यू, कोरोना, रेबीज, एचआयव्ही ही त्याची कामे. याची स्वतःची गिरणीच नाही. हा आपल्या पेशीत घुसतो आणि आपलेच साचे, आपलेच सूत वापरून स्वतःचा माल काढून घेतो. आता सांगा, ज्याला भिंत नाही, साचा नाही, त्याच्यावर अँटिबायोटिक काय करणार? म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेणे म्हणजे पैसे पाण्यात. वर पोटातले आपल्या उपयोगाचे जीवाणू मरतात ते वेगळेच.

मग विषाणूवर औषधच नाही का? काहींवर आहे, पण ज्याचे त्याला. एचआयव्ही पेशीत शिरताना स्वतःचे एक यंत्र बरोबर घेऊन येतो. काही गोळ्या नेमके तेच यंत्र अडवतात. पण हा विषाणू पेशींमध्ये दडूनही बसतो, म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. २००४ सालापासून सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. नेमाने घेणारी माणसे आज संसार करीत आहेत. डेंग्यूच्या विषाणूला मारणारे औषध मात्र अजून हाती नाही. तिथे पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांची वेळेवर देखरेख यांनीच माणूस वाचतो.

तिसरा परजीवी. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत पाहिले. डास चावला की हा परजीवी आधी आपल्या यकृतात जातो, मग रक्तात उतरतो. त्याची एक जात अशी आहे की तिचे काही परजीवी यकृतातच झोपून राहतात. रक्तातले मारणारे औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून रक्त तपासून डॉक्टर वेगळी गोळी देतात, बहुधा १४ दिवसांची. आपण काय करतो? तिसऱ्या दिवशी ताप उतरला की पुडी फळीवर ठेवतो. दोन-चार महिन्यांनी ताप उलटला की म्हणतो, "डॉक्टरचं औषध खोटं!"

हे झाले औषधाचे. लसीचे काम वेगळे. औषध रोग झाल्यावर जंतूवर घाव घालते. लस स्वतः लढत नाही, ती शरीराला शिकवते. गिरणीच्या गेटवरच्या पहारेकऱ्याला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवला, तर चोर आत शिरायच्या आत पकडला जातो. लस म्हणजे तो फोटो.

या कामात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा लागू पडली ती इथेच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, लोक घरदार सोडून गावाकडे पळाले. तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याला प्लेगचे जंतू उष्णतेने मारून लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

सगळे फोटो मात्र एका तऱ्हेचे नसतात. हाफकिन यांच्या लसीत मेलेले जंतू होते. देवीच्या लसीत देवीचा सौम्य भाऊबंद जिवंत होता. धनुर्वाताच्या लसीत जंतूच नाही, त्याचे विष निरुपद्रवी करून दिलेले असते, कारण धनुर्वातात माणूस मरतो तो त्या विषाने. देवी घालवणारी गोळी तेव्हा आपल्या हाती नव्हती. तरी नुसत्या लसीच्या जोरावर १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर त्या लसीचे वण अजून आहेत. पोलिओचेही तसेच. आपल्या देशात त्याच्या मूळ (वन्य) विषाणूचा शेवटचा रोगी २०११ साली सापडला.

रेबीजची लस तेवढी निराळी. ती कुत्रा चावल्यावरही चालते, कारण तो विषाणू मेंदूपर्यंत पोचायला बहुधा काही आठवडे लावतो. तेवढ्यात शरीर शिकून घेते. म्हणून कुत्रा चावला की जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नका. रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही.

आणि भगिनी विचारतात, "बाळपणी बीसीजी टोचली होती, मग टीबी कसा झाला?" बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून चांगले वाचवते. मोठेपणी छातीच्या टीबीपासून तिचा तेवढा भरवसा नाही. म्हणून बाळाला बीसीजी टोचायचीच, आणि मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायचीच.

आता परत आमच्या सोबत्याकडे येतो. टीबीला सहा महिने का लागतात? पुष्कळसे जीवाणू २०-३० मिनिटांत एकाचे दोन होतात. टीबीचा जंतू त्याला जवळजवळ एक दिवस लावतो. त्यातले काही तर पडूनच राहतात. आणि औषधाचा घाव मुख्यतः चालत्या साच्यावर बसतो, बंद साच्यावर फारसा बसत नाही. दुसरे असे, की छातीतल्या कोट्यवधी जंतूंत थोडे असे असतात, की एखादी गोळी त्यांना लागूच पडत नाही. म्हणून सुरुवातीला चार औषधे एकदम देतात. एकातून सुटला तो दुसऱ्याने मरावा. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात आणि खोकला थांबतो. पण खोकला थांबतो तो जंतू कमी झाले म्हणून, संपले म्हणून नव्हे. त्या वेळी गोळ्या सोडल्या, किंवा आज घेतली उद्या विसरली असे केले, की उरलेले जंतू पुन्हा वाढतात. त्यांत गोळीला दाद न देणारे असले तर त्यांचीच पैदास होते. आणि खोकल्यातून तेच जंतू शेजाऱ्याला लागतात.

हे आम्हाला १९९६ साली कळत असते, तर "ये कामाला" म्हणणारी जीभ आवरली असती.

१९५९ साली मद्रासच्या टीबी केंद्राने दाखवून दिले, की घरी राहून औषध घेणारे रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्यांइतकेच बरे होतात. अट एकच, औषध चुकवायचे नाही. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. म्हणून रोग्याची भांडी वेगळी करू नका. खिडकी उघडी ठेवा, खोकताना त्याला तोंडावर फडके धरायला सांगा, आणि त्याच्या गोळ्यांवर लक्ष ठेवा.

सोबती गेल्यावर वर्षभराने त्याच्या पत्नीला टीबी निघाला. सुदैवाने तिचे जंतू गोळ्यांना दाद देणारे होते. आम्ही पाळी सुटली की तिच्या घरी जायचो आणि ती गोळी गिळेपर्यंत दारात उभे राहायचो. ती चिडायची, "भाऊजी, मी काय लहान पोर हाय का?" आम्ही म्हणायचो, "वहिनी, लहान पोर मीच होतो. तुम्ही गोळी घ्या." औषध पुरे झाले, ती बरी झाली, नातवंडे पाहिली. त्याने आमची चूक पुसली गेली असे आम्ही म्हणत नाही.

बांधवांनो, मागणे एवढेच. डॉक्टरकडे कडक इंजेक्शन मागू नका, "मला कोणता जंतू झालाय?" हे विचारा. पोरांच्या लसी तारखेला टोचा. आणि शेजारचा कुणी गोळ्या खात असेल, तर बरा दिसला म्हणून त्याला कामावर बोलावू नका. शेवटची गोळी झाली का, ते आधी विचारा.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम.