दारापर्यंतची सोबत

(कुटुंब मेळाव्यात सेवाकार्यातील एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. विषयाचे स्वरूप ध्यानात घेऊन वक्त्याचे नाव दिलेले नाही.)



व्यसनमुक्ती हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे सेवावस्ती उभी राहते. दारू ही जणू तेथलीच समस्या आणि आपण ती सोडवायला जाणारे! माझाही असाच समज होता. माझ्या थोरल्या बंधूंना हे व्यसन जडले, तेव्हा मी कामासाठी गावोगाव प्रवास करीत होतो. 'त्यांची प्रकृती बरी नसते' हे आमच्या घरातले ठरलेले उत्तर. वहिनींनी ते कचेरीत दिले, आईने नातलगांना दिले, मी शाखेतल्या मित्रांना दिले. सात वर्षे आम्ही घराण्याची अब्रू सांभाळली. माणूस मात्र हातचा जात होता.

आम्ही त्यांना कुलदैवतापुढे शपथ घ्यायला लावली. ती अकरा दिवस टिकली. मग आम्ही त्यांना निश्चय नसलेला माणूस ठरवले. मद्यपाश हा आजार आहे, तो केवळ शपथेने बरा होत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून पहिले पाऊल वैद्यकीय सल्ल्याचेच असले पाहिजे.

परंतु रुग्णालयातून घरी आल्यावर पुढे काय? तीच संध्याकाळ, तेच मित्र, तोच रस्ता. खरी कसोटी तेथे लागते. या पोकळीत उपयोगी पडते ती समदुःखी माणसांची बैठक. १९३५ साली अमेरिकेतील अक्रन शहरी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपाशग्रस्तांची भेट झाली. एकाने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलल्याने दोघांचाही दारूपासून बचाव होतो, हा अनुभव त्यांना आला. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभी राहिली. भारतात तिच्या बैठका १९५७ पासून होतात. प्रवेशासाठी एकच अट : दारू सोडण्याची इच्छा. शुल्क नाही, वर्गणी नाही. आडनाव, जात, हुद्दा कोणी विचारत नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक देणगीतून चालतो. उपदेश नसतो, प्रत्येक जण फक्त आपला अनुभव सांगतो. संकल्पही जन्मभराचा नसतो. केवळ आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच!

काही जण मला विचारतात, 'या बैठका पुष्कळदा चर्चच्या सभागृहात भरतात, तेथे आपल्या माणसाला कसे पाठवायचे?' बंधूंनो, शंका समजण्याजोगी आहे, पण ती निराधार आहे. बैठकीला जागा लागते. ती चर्चची असेल, शाळेची असेल. ही संघटना कोणत्याही धर्माशी वा पक्षाशी जोडलेली नाही. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो तो 'आपल्याला जसा उमगला तसा ईश्वर' या अर्थाने. इष्टदेवतेची संकल्पना ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना हे परके का वाटावे? आणि जागेचीच अडचण असेल, तर आपल्या संस्थांच्या किती खोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात, याचाही विचार आपण करावा.

बैठक शोधायची कशी? जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात वा शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करावी. केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे. दिवस, वेळ आणि बैठक खुली आहे की केवळ मद्यपाशग्रस्तांसाठी आहे, हे आधी विचारून घ्यावे; खुल्या बैठकीला कुटुंबीयांनाही बसता येते. कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' ही स्वतंत्र संघटना आहे. आमच्या वहिनी तेथे प्रथमच मनमोकळ्या रडल्या. आमच्यापैकी कोणापाशी त्यांना तसे रडता आले नव्हते.

पत्ता मिळाला तरी दाराशी पोहोचणे अवघड असते. माझे बंधू दोनदा त्या शाळेच्या फाटकावरून परत आले. तिसऱ्या वेळी त्यांच्याबरोबर एक अनोळखी गृहस्थ होते. ते स्वतः त्याच वाटेने गेलेले. मी नव्हतो. मी त्या संध्याकाळी दुसऱ्या गावी 'संपर्काचे महत्त्व' या विषयावर बोलत होतो. ही खंत मी आजही बाळगून आहे.

आपल्याला संपर्काची सवय आहे. रोज एक तास, ठरल्या वेळी, एकत्र येण्याने माणूस कसा घडतो हे आपण अनुभवले आहे. तोच अनुभव येथे उपयोगी आणू या. आपल्या इमारतीत, आपल्या नात्यात असा कोणी असेल, तर त्याला उपदेश करू नका, त्याची चर्चा करू नका. बैठकीचा पत्ता शोधा, त्याच्याबरोबर दारापर्यंत जा आणि बाहेर थांबा. तो पुन्हा घसरला, तरी पुन्हा जा.

आज येथे बोलण्यापूर्वी मी बंधूंची अनुमती घेतली. ते नऊ वर्षे मद्यमुक्त आहेत आणि अजूनही बैठक चुकवीत नाहीत. ते म्हणाले, "माझे नाव सांगू नकोस. पत्ता मात्र जरूर सांग."

तो सांगण्यासाठीच मी उभा राहिलो.