माप कोणाचे?



१९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या या भागातील वारल्यांनी संप केला. मागणी होती, ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. दराबरोबर वजनही सांगितले होते, हे ध्यानात घ्या. दर कितीही चांगला असो, काटा एकट्या मालकाच्या हाती राहिला तर मजुरी बुडते. कामगार चळवळीत हे पहिल्या दिवशी शिकावे लागते.

शाळेतही तोच प्रश्न आहे. मुले आता गटाने प्रकल्प करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात शिक्षकाबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचे व सोबत्यांचे केलेले मूल्यमापनही घातले. मग बाहेरचा परीक्षक हवा कशाला?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ १९५७ साली या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. समजा, येथल्या पाच मुलांनी मिळून भाजीचा वाफा केला. कृषी विज्ञान केंद्रातला जाणकार रोपांतले अंतर पाहील, कीड ओळखील. मुलांच्या नजरेतून ते सुटेल. पण भर उन्हात पाणी कोणी वाहिले, हे त्याला दिसणार नाही. ते त्या पाचांनाच ठाऊक.

मग सारे मुलांवर सोपवावे काय? तेही नाही. रॉस व सिकोली या संशोधकांनी १९७९ साली दाखविले की, एकत्र केलेल्या कामात प्रत्येकाला आपला वाटा मोठा वाटतो; साऱ्या वाट्यांची बेरीज शंभरावर जाते. ही लबाडी नव्हे; आपले कष्ट आपल्याला अधिक आठवतात, इतकेच. १९८९ साली फाल्चिकॉव्ह व बाऊड यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुरलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतःला दिलेले गुण शिक्षकांच्या गुणांशी अधिक जुळतात, नवख्यांचे कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे स्वतःला मापणे हेही शिकावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे. कसोट्या काम सुरू होण्याआधी मुलांसमक्ष ठरवाव्या. मुलांनी आपले गुण आधी लिहावे, परीक्षकाने नंतर. जेथे तफावत पडेल तेथे दोघांनी समोरासमोर बसून कारणे सांगावी. काम कसे उतरले, यात जाणकाराचा शब्द मोठा. कोणी किती राबले, यात गटाचा.

गटात एखादे अबोल पोर असतेच. ते पाणी वाहते; बोलके पोर प्रकल्प सांगते आणि गुण घेते. त्या अबोल पोराची मेहनत बुडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपले काम जोखायला शिकलेले पोर उद्या मजुरीला गेले, तर काट्याकडे नीट पाहील आणि हिशेब विचारील.