मिसिसिपीचा ध्वज



अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी हे राज्य १८१७ साली त्या संघराज्यात दाखल झाले. त्याचे मानाचे फूल मॅग्नोलिया. आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातले, पण पांढरेशुभ्र आणि चांगले ओंजळभर मोठे!

ह्या राज्याचे वैभव कापसाचे. जमीन मळेवाल्यांची आणि राबणारे हात गुलामांचे. १८६१ साली राज्य संघातून फुटले. गुलामगिरी राखण्यासाठी आपण फुटत आहोत, असे त्याने जाहीरनाम्यातच लिहून ठेवले आहे. १८६५ साली युद्ध संपले, गुलामगिरी गेली. परंतु १८९४ साली राज्याने जो ध्वज घेतला, त्याच्या कोपऱ्यात हरलेल्या बंडखोर सैन्याचे निशाण बसविले. ज्यांचे पूर्वज गुलाम होते, त्यांच्याही माथ्यावर तेच फडकत राहिले.

२००१ साली लोकांना विचारले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश मते जुन्या ध्वजाला पडली. २०२० च्या जूनमध्ये मात्र विधिमंडळाने तो उतरविला आणि नोव्हेंबरात मतदारांनी मोठ्या बहुमताने मॅग्नोलियाचा ध्वज पसंत केला.

प्रवाशाने नॅचेझ गावचे मळेवाल्यांचे वाडे अवश्य पाहावेत. पण ते कोणाच्या घामावर उभे राहिले, हे समजण्यासाठी राजधानी जॅक्सन येथे २०१७ साली उघडलेले नागरी हक्कांचे संग्रहालयही पाहावे.

निशाणे सरकारी हुकुमानेही बदलतात. येथे एकोणीस वर्षांत लोकांनीच आपला कौल फिरविला. आम्हांला त्या फुलापेक्षा ह्याचे मोल अधिक वाटते.